गाऱ्हाण्यात अडकलेली लादी

माझी लादी हलकी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या चोपडे गावात अजूनही दोन-चार माणसं उलट सांगत फिरतात.

खाण बंद पडली तेव्हा शिरगावला ट्रक चालवणारा माझा नवरा घरी आला आणि मी कमवायला घराबाहेर पडले. म्हापशाच्या बाजारात कोकमाची सोलं आणि लोणची विकून मी हे घर उभं केलं, पाठीमागे मोरजीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी भाड्याच्या दोन खोल्या बांधल्या. तेव्हा मालाची पारख मला कोणी शिकवू नये. घरातल्या जमिनीसाठी चार फूट बाय दोन फुटांच्या लाद्या घेतल्या त्या गोदामातला शेवटचा माल म्हणून, अर्ध्या भावात, दीड तास भांडून. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "बाये, लाद्यो व्हर, पूण परत येवं नाका." ह्याला मी सौदा म्हणते.

शेवटचा माल, म्हणजे तसली लादी पुन्हा मिळणार नाही. दोनच जास्तीच्या होत्या. आमच्या वाड्यावरच्या मेस्त्रीने सुक्या कटरने घरभर धूळ उडवत बरोबर त्या दोन फोडल्या. वर म्हणतो कसा, "वयनी, लादीच हलकी. स्वस्तातली मां?" आणि पुढे खोल्यांतल्याही प्रत्येक कापाचे वेगळे पैसे मागू लागला. मी त्याला थापीसकट अंगणाबाहेर काढलं. गेटपाशी थांबून तो मोठ्यांदा बोलला, "तुका भाव पाडूक येता, लादी कापूक येवची नाय!"

हे शेजारणीने ऐकलं. म्हणजे गावाने ऐकलं.

घरातली बाकीची जमीन तोवर बसवून झाली होती. आता एकच लादी उरली होती, मुख्य दारात बसायची. तिची एक लांब पट्टी कापून काढायची होती. ती फुटली तर ऐन दारात दुसऱ्या रंगाचं ठिगळ येणार, आणि घरात येणारा प्रत्येक जण त्या ठिगळावर पाय ठेवून मेस्त्रीची आठवण काढणार. मी तीन रात्री फोनवर व्हिडिओ बघितले आणि पेडण्याहून पाण्यावर चालणारं कटिंग मशीन दोन दिवसांसाठी भाड्याने आणलं. खाली पाण्याचा ट्रे, वर गोल पातं, पात्यावर सतत पाण्याची धार. धूळ नाही, मेस्त्री नाही.

मी नवऱ्याचा रेनकोट चढवला, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट घातलं आणि त्याला म्हटलं, "दाबा बटण."

तो जागचा हलला नाही. "नारळ ठेवून गाऱ्हाणां घातल्याबिगर मी बटणाक हात लावचंय नाय."

त्याचंही खरं होतं. आमच्याकडे साधा पंप बसवला तरी देवाला गाऱ्हाणं घालतात; एकाने सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पलीकडच्या वाड्यावरचे म्हातारे गाऱ्हाणं छान घालतात, पण ते लेकीकडे डिचोलीला गेले होते. मग आमच्या वाड्यावर गाऱ्हाणं घालणारा राहिला एकच. मेस्त्री.

तो आला. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, पाठोपाठ आठ-दहा शेजारी घेऊन. माझ्या हेल्मेटकडे बघून त्याने मिशीतल्या मिशीत हसू गिळलं, मशीनपुढे नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या वयनीन नवीन मशीन हाडल्यान हा, तां बरां चलांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

"तिच्या हाताक काय इजा होवची नाय, असा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गावच्या मेस्त्रीक तिना थापीसकट भायर घातल्यान. रागीट आसा, पण मनान वायट नाय. तिका माफ कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा होता. मी हेल्मेटच्या आत लाल झाले. पण गाऱ्हाणं चालू असताना मधे तोंड घालायची आमच्यात रीत नाही, आणि हे त्या लबाडाला पुरतं ठाऊक होतं.

"आणि ही लादी अखंड कापली गेली, तर पाठल्या दोन खोल्यांचा लादी बसवचा काम ती गावच्याच मेस्त्रीक, तो मागता त्या दरान देतली, असो सबद दिता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. माझ्या नावाने शब्द गेला होता. लादी फुटली तर दारात ठिगळ, नाही फुटली तर मेस्त्री गळ्यात. मी क्षणभर विचार केला आणि ठरवलं, मेस्त्रीशी पुन्हा भांडता येईल, तसली लादी पुन्हा मिळणार नाही.

आधी त्यानेच फोडलेल्या लाद्यांच्या तुकड्यांवर हात बसवला. मग पेन्सिलची रेघ मारून मोठी लादी चढवली. पातं गरगरलं, पाणी उडालं, ट्रेमध्ये तांदळाच्या धुवणासारखं पांढरं पाणी साचू लागलं. मी लादी बोटाबोटाने पुढे सरकवत होते. शेवटचा वीतभर काप राहिला आणि टेबलाबाहेर गेलेली बाजू खाली लवायला लागली. माझे दोन्ही हात अडकलेले. व्हिडिओत हे कोणी सांगितलं नव्हतं.

मेस्त्री धावला. धुतलेल्या सदऱ्यानिशी गुडघ्यावर बसला आणि दोन्ही तळवे लादीखाली धरले. पांढरं पाणी त्याच्या तोंडावर उडत होतं. "दामटू नको, वयनी! सावकाश, सावकाश..."

पट्टी सुटली. कड दोरी धरल्यासारखी सरळ.

"कापली कोणी?" मी हेल्मेट काढत विचारलं.

"धरली कोणी?" तो तोंड पुसत म्हणाला. "आता सबद."

देवाला दिलेला शब्द मोडायची माझी छाती नाही. पण शब्द काय दिला होता ते मी नीट ऐकलं होतं.

"दिला. खोल्यांतली लादी तूच बसव, तुझ्या दराने. कापायचं मात्र तू देवाला सांगितलंच नाहीस. कापीन मी. कापाचा एक पैसा मागायचा नाही."

तो आधी नवऱ्याकडे बघत राहिला, मग नारळाच्या भकलांकडे. शेवटी हसला. "वयनी, फुडल्या खेपेक गाऱ्हाणां आधी तुका दाखवन घालतलंय."

दारातली लादी त्याने त्याच दिवशी बसवली. आता मशीनचं भाडं वाढवून पाठल्या खोल्यांचं काम चाललंय. मी कापते, तो बसवतो, आणि माझी लादी हलकी असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. पण शेवटचा वीतभर काप राहिला की मी हाक मारायच्या आधीच त्याचे दोन्ही तळवे खाली आलेले असतात. हलक्या लादीला कोण एवढं जपतं?