फेणी कोणी ओतली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, देवळात गेलो तेव्हाही नाही. देवासमोर तर मी नारळ ठेवतो, डोळे मिटतो आणि भलतंच काहीतरी मागून बाहेर येतो. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतोय, असंही समजू नका. ओळखीचे असता तरी आज सांगितलंच असतं. आज माझं डोकं फिरलंय.

कुणावर? थांबा, सांगतो. सरळ बोलायची सवय नाही मला — तीच तर सगळी भानगड आहे.

मी गोव्यातल्या मुळगावचा. खाणी चालू होत्या तेव्हा मालकाचा ट्रक चालवायचो. खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, आणि मी मांद्र्याला समुद्राकाठच्या एका हॉटेलात कामाला लागलो. घरी सांगितलं, कूक आहे. कसला कूक! भांडी घासायचो. कांदे चिरायचो, सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायचो. पण ट्रकच्या स्टिअरिंगवर बसलेला माणूस आता मोरीपाशी उभा राहतो, हे माझ्या तोंडातून निघेना. बायको विचारायची, आज काय केलं? मी ऐटीत सांगायचो, स्टेक केलं. ती बिचारी स्टेक म्हणजे काय ते विचारायची, आणि मी तासभर फुशारक्या मारायचो.

फ्रेंच लोकांचा पदार्थ तो. गाईच्या मांसाचा जाड तुकडा घ्यायचा, दोन्ही अंगांना भरड मिरी दाबून बसवायची, तापल्या तव्यावर लोण्यात परतायचा. तुकडा बाजूला काढला की त्याच तव्यात ब्रँडी. भस्सकन भडका उडतो, आपोआप विझतो, मग साय घालून आटवायचं आणि तुकड्यावर ओतायचं. भडका उडाला की बाहेर बसलेली गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची. मी हे सगळं मोरीपाशी उभा राहून बघितलंय — पाठीमागून. खऱ्या कूकची पाठ माझ्याकडे असायची. मला भडका दिसायचा, त्याचे हात दिसायचे नाहीत. एवढं लक्षात ठेवा.

आता सुनंदाबद्दल. माझी बायको. ती पार्श्या गावची. तिच्या बाबांचा काजूचा डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी फेणीची भट्टी. तिथंच लहानाची मोठी झाली ती. आणि रांधप म्हणाल तर — आमच्या वाड्यावर लग्न असो, बारसं असो, मसाला भाजायला पहिलं बोलावणं सुनंदाला. खतखत्याच्या भाजीत तिरफळं किती घालायची ते म्हाताऱ्या बायासुद्धा तिला विचारून घालायच्या. दरवर्षी काजूचा हंगाम संपत आला की सासरे पहिली बाटली घेऊन यायचे. मी जावई, पण पहिला कोप, फेणीचा पेला, माझ्यासमोर नाही ठेवायचे. तिच्यासमोर. ती नुसता वास घ्यायची आणि म्हणायची, "बाबा, यंदा घाई केलीत." म्हातारा असा खूश व्हायचा, की बघत राहावं. मला ते बघवायचं नाही. हे पण आज सांगून टाकतो.

तर माझा मेहुणा, सुनंदाचा धाकटा भाऊ, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेला, तो सुट्टीला आला. आमच्याकडे बसलेला, हातात कोप. म्हणाला, "भावोजी, मिरीचं स्टेक तिकडे लय खाल्लं. तुम्ही करता म्हणे? मग करून दाखवा की एकदा." म्हणताना हसला. की मला हसल्यासारखा वाटला? काय माहीत. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. रविवारी ये, म्हटलं, दाखवतो.

करायला गेलो स्टेक, आणि काय होतं जवळ? ते मांस आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, म्हणून बोकडाच्या मांडीचे जाड तुकडे आणले. चामडं होणार होतं त्याचं, सुनंदाने सांगितलंही. मी तिच्यावर खेकसलो. मिरी तिच्या माहेरची, माडावर चढवलेल्या वेलाची. तिने पाट्यावर भरडून दिली. जास्त बारीक झाली म्हणून परत खेकसलो. ब्रँडी नव्हती, फेणीची बाटली होती. सासऱ्यांची, अख्खी भरलेली. आई त्या दिवशी माझ्या बहिणीकडे गेलेली. तन्वी, आमची मुलगी, तेव्हा लहान होती, अंगणात खेळत होती. मेहुणा बाहेरच्या खोलीत. रांधणीत आम्ही दोघंच.

तुकडे बाजूला काढले. तवा लालबुंद. मी बाटलीचं बूच काढलं तेव्हा सुनंदा म्हणाली — शब्द न शब्द आठवतो मला — "अहो, आधी गॅस बंद करा. वाटीत काढून घ्या, मग ओता. बाटली उज्याकडे, जाळाकडे नेऊ नका, बाबा भट्टीकडे साधी काडी पेटवू देत नाहीत."

आणि मी काय म्हणालो? "तू मला शिकवतेस?"

ओतली. भरल्या बाटलीतून, पेटत्या गॅसवर. ज्वाळा धारेवरून वर चढली, बाटलीच्या तोंडात शिरली, आणि मी हात झटकला. माझ्या बाजूला नाही झटकला. तिच्या बाजूला झटकला. ती सायीची वाटी घेऊन उभी होती. उजवा हात, खांदा, मान, कानापर्यंत — पेटलेली फेणी सगळी तिच्यावर. आणि ऐका, त्या जळत्या हाताने तिने आधी गॅस बंद केला. मग पाण्याच्या बादलीत हात घातला. मी? मी बाटली टाकून भिंतीला टेकलो होतो. माझ्या भुवया जळल्या. बस, भुवया.

तुम्ही म्हणाल, अपघात झाला, होतं असं माणसाच्या हातून. अहो, अपघाताची कबुली द्यायला नाही बसलो मी! अपघात झाला तो झाला. पुढचं ऐका.

मेहुणा धावत आला. "काय झालं? कसं झालं?" सुनंदाला बोलायला दम नव्हता. मला होता. आणि माझ्या तोंडातून निघालं — कुणी विचार करायला वेळ दिला नाही, मीही घेतला नाही — "हिने ओतली. गॅस चालू ठेवून ओतली. मी नको म्हणत होतो."

मी नको म्हणत होतो! तिचं वाक्य उचललं आणि माझ्या तोंडात घातलं. हात भाजला तिचा, शहाणपण माझं. आहे की नाही कमाल?

तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग डोळे मिटून घेतले.

इस्पितळात डॉक्टरला तेच सांगितलं. दुसऱ्यांदा खोटं बोलताना जीभ अडखळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग एक पोलीस बाई आली. लग्न झालेली बाई भाजली की विचारायला येतात. मला बाहेर काढलं. दाराच्या फटीतून ऐकू येत होतं. ती बाई तीन-तीनदा विचारत होती, बाये, खरं सांग, घाबरू नको, कुणी केलं? आणि सुनंदा म्हणत होती, "माझ्याच हातून झालं." का म्हणाली? मला वाचवायला? तन्वीसाठी? मी तिला कधीच विचारलं नाही. विचारायचं तर आधी मला खरं बोलावं लागलं असतं.

आणि मग सासरे आले पार्श्याहून. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. पोरीच्या अंगावरची पट्ट्यांची गुंडाळी बघून आधी रडले. मग हळूच म्हणाले, "बाय गे, भट्टीकडे वाढलंस तू. आणि उज्यार फेणी ओतलंस?"

मी तिथंच होतो. त्यांच्या शेजारी. तोंड उघडायचं होतं फक्त. म्हातारा पोरीकडे बघत होता, पोर छताकडे बघत होती, आणि मी — मी म्हातारबाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे बाबा, होते चूक माणसाची." मोठ्या मनाने तिला माफ केलं मी! हलकट माणूस. दुसरा शब्द असेल तर तुम्ही शोधा.

त्यानंतर हंगाम आले, बाटल्या आल्या. सासऱ्यांनी बाटली माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. सुनंदासमोर कोप नाही ठेवला कधी. तीही पुढे आली नाही, आत बसून राहायची. दोन वर्षांपूर्वी म्हातारा गेला. आपल्या पोरीला साधी आगीची जाण राहिली नाही, हेच मनात घेऊन गेला. जाण्याआधी महिनाभर अंथरुणाला होता. मी जात होतो भेटायला. शहाळं घेऊन जायचो. शहाळं!

आणि घरात? आई म्हणायला लागली, "तू सर गो, तुझ्या हाताला भान नाही." वाड्यावरची बोलावणी आधी कमी झाली, मग थांबलीच. लग्नघरात सुनंदाला आता कांदे सोलायला बसवतात. माझंच काम! बाया आपापसात बोलतात, एवढी हुशार, पण बघा काय करून घेतलंन. एकानेही विचारलं नाही हो, की भट्टीवाल्याची पोर असं करेल कशी? कुणालाच प्रश्न पडू नये? बाईचा हात भाजला म्हणजे बाईचीच चूक, विषय संपला. मला त्या सगळ्यांचा राग येतो. येतो तर येतो. माझं खोटं इतकं लंगडं होतं, जरा कुणी ढकललं असतं तरी पडलं असतं. पण लोकांनीच त्याला खांदा दिला आणि मी पालखीत बसावं तसा बसून राहिलो.

सुनंदाचाही राग येतो. एकदा तरी भांडायचं! ताट आदळायचं, चार लोकांत म्हणायचं, हा खोटारडा आहे. काही नाही. मला जेवायला वाढते, डाव्या हाताने, कारण उजव्याची बोटं नीट मिटत नाहीत. शर्टाची बटणं लावून ठेवते. कधी कधी वाटतं ती विसरली असेल. असं वाटलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. कोण विसरेल?

आता आजचं सांगतो. आज का डोकं फिरलंय ते.

तन्वी आता कॉलेजला जाते. सकाळी मोबाईलवर काहीतरी बघून म्हणाली, आज मी मिरीचं स्टेक करणार, चिकनचं. बाजारातून क्रीमची पाकिटं आणली. मिरी भरडली. कपाटातून फेणीची बाटली काढली. सासऱ्यांच्या हातची शेवटची बाटली ती. सुनंदाने बघितलं. पदर खोचून गॅसपाशी आली, मदतीला.

तेव्हा तन्वी म्हणाली, "आई, तू लांब उभी राहा हां. तुझं काही सांगता येत नाही." वाईट बोलायचं म्हणून नाही बोलली. हसत, लाडाने बोलली. लहानपणापासून आजीकडून ऐकत आलीय, तेच बोलली. आणि वळून मला म्हणाली, "बाबा, तुम्ही या. तुम्हाला येतं. हॉटेलात करत होता ना तुम्ही?"

सुनंदा मागे सरकली. जनेलापाशी, खिडकीकडे जाऊन उभी राहिली. आणि मी पुढे गेलो.

तवा तापला होता. तन्वीने बूच काढून बाटली माझ्या हातात दिली. तेवढ्यात मागून आवाज आला, अगदी खालचा, "आधी गॅस बंद करा. वाटीत काढून घ्या."

"आई, तू गप्प बस गो!" तन्वी म्हणाली. "बाबांना कळतं."

ही वेळ होती. याहून चांगली वेळ देवही देणार नाही. पोर समोर, बायको मागे, तशीच बाटली, तेच वाक्य. मी गॅस बंद केला. फेणी वाटीत काढली. बाटलीला बूच लावून लांब ठेवली. वाटीतली फेणी तव्यात ओतली, लांब काडीने पेटवली, निळा भडका उडाला, विझला. कुणाला काही झालं नाही. तन्वीने टाळ्या वाजवल्या.

आणि मी तिला म्हणालो, "बघितलंस? आधी गॅस बंद करायचा. वाटीत काढून घ्यायची. हे लक्षात ठेव."

"बघ आई," तन्वी म्हणाली, "असं करायचं असतं."

सुनंदा म्हणाली, "हां."

मग आम्ही जेवायला बसलो. सुनंदाने वाढलं, डाव्या हाताने. चांगलं झालं होतं. मी दोनदा मागून घेतलं.