एल्पिदिओच्या वहीतले मासे

आमच्या गावच्या टपालकचेरीत एल्पिदिओनं एकतीस वर्षं शिक्के मारले आणि तेवढ्या काळात एक आख्खी भाषा रचली. थाप वाटेल, पण शाळेत त्याच्याच बाकावर बसून मी तीन यत्ता शिकलो, मला ठाऊक आहे. पाद्रीबाबांचं जुनं लॅटिन प्रार्थनापुस्तक त्याला मिळालं होतं. त्याचं म्हणणं असं, की रोमच्या शिपायांचं एखादं गलबत भरकटत, महासागर ओलांडून आमच्या मामोरे नदीत शिरलं असतं, तर त्या शिपायांचे वंशज आज काय बोलले असते? आपली स्पॅनिश ही लॅटिनची एक लेक. ही तिची न जन्मलेली बहीण.

अडचण एकच होती. लॅटिनमध्ये पिरान्या माशाला शब्द नाही, युकाच्या कंदाला नाही, आमच्या डासांच्या पाच जातींना तर नाहीच. शिपायांनी ते कोणाकडून तरी उसने घेतले असणार. कोणाकडून? नदीकाठच्या जुन्या लोकांकडून. त्यांची बोली येणारं एकच माणूस उरलं होतं, फेलिसिंदा आजी. पोरांनी ती बोली शाळेत काढली की मास्तर पट्टीनं हात सुजवत, म्हणून आजीनं लेकीला, नातिविदादला, ती शिकवलीच नव्हती.

दर रविवारी एल्पिदिओ वही घेऊन आजीच्या ओसरीवर बसे. मीही जायचो, मजा असायची. आजी हॅमॉकच्या टांगत्या झोळीत पडून, तंबाखू चघळत एकेका माशाचं नाव सांगायची.

"काय रे, तुझे शिपाई जेवतात का कधी? का नुसते शब्द मागत फिरतात?"

"जेवतात की आजी, तुमच्याकडचंच."

"मग भांडी घासायला लाव त्यांना."

हसून हसून माझी दाढ ठणकायची.

पुराच्या महिन्यात आजी तापानं गेली. त्या लोकांची रीत अशी, की तिसऱ्या दिवशी नदीवर उभं राहून मेलेल्याला त्याच्याच बोलीत निरोप द्यायचा. नाही दिला, तर ते माणूस घराभोवती घुटमळत राहतं, वाट सापडत नाही. नातिविदाद दुसऱ्याच दिवशी एल्पिदिओकडे आली. मी तिथंच होतो.

"काका, चारशे शब्द घेतलेत ना तुम्ही आईकडून? मला थोडेच द्या. आई, जा, मागं फिरू नकोस. एवढंच."

एल्पिदिओनं वही पहिल्या पानापासून चाळली, मग शेवटच्या पानापासून. चष्मा पुसला.

"हे मी विचारलेच नाहीत, पोरी."

"वीस वर्षं काय विचारत होतात मग?"

"शिपायांकडे नव्हतं तेवढंच. आईला शब्द होता त्यांच्याकडे. जायला होता." मग घाईघाईनं म्हणाला, "माझ्या भाषेत आईला…"

"ती तुमच्या शिपायांची आई नव्हती, काका."

त्यानं वही मिटून तिच्यापुढं धरली. इतकी वर्षं ओळखतो त्याला, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी नातिविदाद वही घेऊन धक्क्यावर उभी राहिली. मासे ऐकून आई निदान पाण्याकडे तरी वळेल, असं तिला वाटलं असावं. तिनं एकेक नाव मोठ्यानं वाचलं, सगळे त्रेसष्ट मासे. अडखळली की एल्पिदिओ मागून हळूच उच्चार सांगे. शेवटी ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, "जा गं आई," आणि वही त्याच्या हातात दिली.

त्याला दोन वर्षं झाली. आजीचा हॅमॉक तिनं अजून ओसरीवरून उतरवलेला नाही.