नॉमिनी कोण?

"नॉमिनी कोण?" हा अण्णांचा पहिला प्रश्न असे. नमस्कार त्यानंतर.

बंगळुरात, जयनगरच्या जुन्या इमारतीत आमची दारं समोरासमोर होती. अण्णा विम्याचे एजंट. एजंट दिसला की लोक रस्ता बदलतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. अण्णांना पाहून कुणी बदलत नसे, कारण ते नवी पॉलिसी विकण्याआधी तुमच्या जुन्या पॉलिसीची काळजी करत. कोपऱ्यावर इडली वाढणाऱ्याला त्यांनी हा प्रश्न विचारला होता, दवाखान्यात सलाईन लावलेल्या माणसाला विचारला होता. एका लग्नात सप्तपदी आटोपून नवरदेव बसतोय तोच हे त्याच्याजवळ गेले. "आता आईचं नाव काढ, हिचं घाल. हिच्यासमोर सांगतोय, तू विसरलास तर ही आठवण करील." नवरी हसली. नवऱ्याची आई हसली नाही.

घरात अण्णा आणि त्यांची मोठी बहीण, अक्का. अण्णांची बायको गेली तेव्हा मुलगा तान्हा होता. त्याला सांभाळायला अक्का आल्या आणि राहिल्या. त्यांचं लग्न राहूनच गेलं. मुलगा मोठा झाला, इंदिरानगरात स्थिरावला. धंद्यासाठी हा फ्लॅट विका म्हणून बापाशी भांडला आणि त्यानं येणं सोडलं.

"बँकेत अक्का, विम्यात अक्का, सोसायटीच्या कागदात अक्का," अण्णा अभिमानानं सांगत. "मी गेल्यावर हिला कुणापुढे हात पसरायला नको."

मी बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटते, म्हणून अण्णांनी माझं नावच पत्रक ठेवलं होतं. "बस गं पत्रक. आज कुणाविरुद्ध?"

एकदा मी म्हणाले, "आज तुमच्याविरुद्ध. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, अण्णा. पैसे त्याच्या हातात देतात, पण ते असतात वारसाचे. तुमचा वारस मुलगा. हा फ्लॅटही त्याचाच होईल. मृत्युपत्र करा."

"केस पिकले या धंद्यात. मला शिकवतेस?" ते हसले. मग स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाले, "मृत्युपत्रात मुलाला काही नाही असं लिहावं लागेल. ते माझ्या हातून व्हायचं नाही. नॉमिनीचं बरं असतं. एकच नाव मागतात."

"तसं नकाच लिहू. अक्का आहेत तोवर हे घर त्यांचं, कुणी त्यांना काढायचं नाही. नंतर मुलाचं. एवढंच लिहा."

"असं लिहिता येतं?"

कॉफी निवली तरी ते बसून राहिले. मी म्हणाले, साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात. एक मी, दुसरे खालचे डॉक्टर. आत्ताच लिहू.

आतून अक्का ओरडल्या, "पितृपक्षात मरणाचं काय लिहिताय रे? काही कळतं का दोघांना?"

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "स्वल्प थांब, पत्रक. पक्ष संपू दे."

पक्ष संपायच्या आत अण्णा गेले. जिन्यात कोसळले, भाजीची पिशवी हातात होती.

मुलगा आला. त्यानं सगळं नीट केलं, रडलाही, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग त्याच्या वकिलाची अक्कांना नोटीस आली, घर सोडा म्हणून.

मी अक्कांना आमच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे नेलं. "पण अण्णानं माझं नाव घातलंय की सगळीकडे," अक्का पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. वकीलबाई म्हणाल्या, "अम्मा, नाव तुमचं आहे. हक्क मुलाचा आहे." अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी भाषांतर करून काही वेगळं सांगेन.

मुलाशी मी भांडले. तो शांत होता. "आत्याला मी रस्त्यावर टाकतोय का? देवनहळ्ळीजवळ चांगला वृद्धाश्रम आहे, खर्च मी देणार. कायद्यानं घर माझंच आहे ना?"

कायद्यानं त्याचंच होतं. ज्या बाईनं त्याला भरवलं, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं, ती कायद्याच्या लेखी त्या घरात राहणारी एक बाई होती. भावाचं घर, भाच्याचं घर. असं दुसऱ्याचं घर राबून उभं करणाऱ्या बाया तुमच्याही इमारतीत असतील. जाऊन विचारा, त्यांच्यासाठी कुणी काय लिहून ठेवलंय. नॉमिनीवर समाधान मानू नका. आणि त्यांनी स्वतः नको म्हटलं तरी ऐकू नका.

न्यायला गाडी आली त्या सकाळी अक्कांनी घर झाडलं, ओटा पुसला, उरलेलं दूध मला दिलं. मुलगा दारात उभा होता. त्यानं बॅग उचलली आणि खाली बघत विचारलं, "आत्या, तुझ्याकडची किल्ली?"

"अण्णाची आहे ती खिळ्यावर," अक्का चप्पल घालता घालता म्हणाल्या. "माझ्याकडे अशी कधी नव्हती रे. मी घरातच असायची ना."