एनिड क्राउदरची गुरुवारची बिअर

एनिड क्राउदरनं एका शनिवारी क्लबात पाइंटभर बिअर मागितली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

क्लब आमच्या गल्लीच्या टोकाला होता. गिरणी सुटली की पुरुषमंडळी तिथे जमायची, डार्ट्स खेळायची, एकमेकांच्या कबुतरांना नावं ठेवायची. बायकांना सभासद होता येत नसे. शनिवारी नवऱ्यासोबत पाहुणी म्हणून यावं, पुढच्या, गालिचा घातलेल्या खोलीत बसावं, मागच्या बारकडे फिरकू नये, असा रिवाज. एनिडचा नवरा विल्फ त्याच क्लबाचा सेक्रेटरी. अगदी गोगलगाय माणूस. कुणी याच्या पायावर पाय दिला तर माफी हाच मागायचा. एनिड गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होती. विणून आलेल्या ताग्यावर बोटं फिरवायची आणि गाठ लागली की सोडवायची. तिच्या बोटांखालून गाठ निसटत नसे आणि जिभेखालून माणूस.

मी त्यांच्या शेजारच्या घरात राहत होते. साताऱ्याहून इंग्लंडात, इथल्या इस्पितळात नर्स म्हणून आले, भिंतीला भिंत लागून एनिड मिळाली, ती कायमची. त्या शनिवारी तिनंच मला विल्फची पाहुणी म्हणून क्लबात नेलं होतं, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"सिरिल, एक पाइंट माइल्ड बिअर दे," एनिड गालिच्याच्या खोलीतल्या छोट्या काउंटरवर बारवाल्याला म्हणाली.

सिरिलनं अर्ध्या मापाचा ग्लास भरून पुढे सरकवला.

"मी पाइंट म्हटलं."

"बायकांना हाफच देतो आम्ही, एनिड. नियम आहे."

"कुठं लिहिलाय?"

"लिहायला कशाला पाहिजे? सगळ्यांना ठाऊक आहे."

"बरं. मग दोन हाफ दे आणि एक रिकामा मोठा ग्लास दे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात क्लबाचा अध्यक्ष अर्नेस्ट हर्स्ट पँट वर ओढत आला. "एनिड, उगाच तमाशा करू नकोस. एवढा मोठा ग्लास हातात धरलेली बाई बरी दिसत नाही."

"मी बरी दिसायला आले नाही, अर्नेस्ट. तहान लागली म्हणून आले. आणि शाळेत तुझं शेंबडं नाक मी पुसायचे, तेव्हा तू तरी कुठं बरा दिसत होतास?"

आता सगळी खोली हसली. अर्नेस्टचे कान लाल झाले. विल्फ खुर्चीतल्या खुर्चीत लहान होत गेला. "एनिड, चल ना घरी," तो पुटपुटला.

"मी जातेच आहे. तू बस. तुझ्याकडे सभासदाचं कार्ड आहे." तिनं माझा कोट माझ्या अंगावर फेकला. "चल गं पोरी. आपल्याला हवी तशी बिअर आपण आपल्या घरी करू."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या परसात पाहिलं तर कपडे उकळायचं जुनं पातेलं बाहेर काढून ती राखेनं घासत बसली होती.

पहिली खेप वाया गेली. बाटल्यांत साखर जास्त पडली, आणि एका सकाळी तळघरात धडाधड बुचं उडायला लागली. विल्फ अर्धी दाढी करून जिन्यावरून खाली धावला. दुसऱ्या खेपेला ओल्या फडक्याचा वास होता. तिसरी जमली, पण इतकी कडक झाली की विनीनं, म्हणजे एनिडच्याच खात्यातल्या तिच्या मैत्रिणीनं, दोन ग्लासांत रडायला सुरुवात केली. ती सगळी खेप एनिडनं मोरीत ओतली.

"अगं, जमली होती की!" मी म्हणाले.

"कडक बिअर कुणालाही जमते. माझा बाप कडकच प्यायचा. एकदा कालव्यात पडला आणि बाहेर निघाला तो चार माणसांच्या खांद्यावर." पातेलं विसळत ती सांगत होती. तिनं बापाबद्दल बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "मला अशी पाहिजे की दोन ग्लास घेऊन बाईनं घरी जाऊन बटाटे सोलावेत आणि बोट कापू नये. पण पाण्यासारखी नको. हलकी, आणि तरीही चव राहिली पाहिजे."

हे सांगायला सोपं आहे. कडक बिअरमध्ये चुका लपतात. हलकीत सगळं उघडं पडतं. सातू जरा कमी भाजला गेला, कडवटपणासाठी घातलेली हॉपची फुलं जरा जास्त वेळ उकळली, पाणी जरा जास्त गरम झालं, की लगेच जिभेला कळतं. एनिडनं तो सगळा हिवाळा त्यात घातला. गिरणीतून यायची, एप्रन बांधायची आणि पातेल्याशी उभी राहायची. वसंतात एक तांबूस, तळघरातल्या गारव्याची, वर पातळ फेसाची बिअर तिनं माझ्यापुढे ठेवली. मी आयुष्यात दारूला शिवले नव्हते. एक घोट घेतला. माझ्या तोंडून निघालं, "सातूच्या पिठासारखी लागते गं! आमच्याकडे उन्हाळ्यात गूळ घालून कालवतात, तशी."

"म्हणजे चांगली का वाईट?"

"माझ्या आईच्या घरची चव आहे."

ती पहिल्यांदा समाधानानं खाली बसली.

मग गुरुवार सुरू झाले. गुरुवारी एनिड-विनीच्या खात्याची पाळी लवकर सुटायची. एनिडच्या पुढच्या खोलीत आम्ही चौघी बसायचो: एनिड, विनी, मी आणि कोपऱ्यावरची ओल्हा. ओल्हा युक्रेनची, दुसऱ्या महायुद्धानंतर इथे आलेली, मोजकं बोलणारी. ब्रेड, चीज, कांद्याचं लोणचं आणि बिअरचे दोन-तीन जग. एकात नेहमीची माइल्ड, दुसऱ्यात काहीतरी नवं: कधी फिकट सोनेरी, कधी जराशी कडवट, पण सगळ्या हलक्या. मोठे ग्लास. आणि एक कायदा.

"'छान आहे' हा शब्द या खोलीत चालणार नाही," एनिडनं बजावलं होतं. "छान तर माझी सासूपण म्हणायची. काय लागतंय ते सांगा."

ओल्हा डोळे मिटून घोट घ्यायची. "पावाची कड. करपलेली नाही. करपण्याच्या आधीची."

"मला ओल्या कुत्र्याचा वास येतोय," विनी म्हणायची.

"तो तुझ्या कोटाचा."

त्या खोलीची खिडकी थेट गल्लीवर होती. इथे प्रत्येक खिडकीला जाळीचे पडदे असतात. आतून बाहेरचं सगळं दिसावं आणि बाहेरून आतलं काही दिसू नये म्हणून. एनिडनं ते काढून टाकले. क्लबात जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाला मोठे ग्लास हातात धरलेल्या चार बायका दिसायच्या. कुणी मान वळवायचा, कुणी काचेवर टकटक करून ओरडायचा, "काय गं, भांडी घासलेलं पाणी पिताय काय?"

"हो," विनी आतून ओरडायची. "तुझ्याच बायकोनं घासलेली!"

क्लबाला हे झोंबलं. खात्यातल्या आणखी काही बायका गुरुवारी यायला लागल्या, आणि शनिवारी गालिच्याच्या खोलीतल्या खुर्च्या ओस पडायला लागल्या, तेव्हा जास्तच झोंबलं. कुणीतरी अबकारी खात्याच्या कानावर घातलं की क्राउदरबाई विनापरवाना बिअर विकते. कुणी ते आम्हाला कधीच कळलं नाही. एका गुरुवारी अबकारीचा माणूस आणि एक कोवळा पोलीस शिपाई दारात उभे राहिले. समोरच्या सगळ्या घरांची दारं किलकिली झाली.

"या की आत," एनिड म्हणाली. "बूट पुसा."

साहेबानं सगळीकडे पाहिलं. तळघर, पातेलं, बाटल्या. "विकता का?"

"नाही."

"या बायका पैसे देत नाहीत?"

"ओल्हा लोणचं आणते. त्यावर कर आहे का?"

"मॅडम, थट्टा नको."

"थट्टा नाही, साहेब. आपल्या घरी आपण बिअर करून आपल्या माणसांना द्यायला कायद्याची हरकत नाही. तुमच्यापेक्षा मला ते नीट माहीत असायला हवं, कारण घर माझं आहे." मग तिनं शिपायाकडे पाहिलं. "तुला अंगावर वर्दी असताना पिता येणार नाही, पोरा. वास तरी घे."

पोरानं खरंच ग्लास नाकाशी नेला. साहेब खाकरल्यावर खाली ठेवला. काही सापडलं नाही. ते गेले.

विनीनं लगबगीनं दार लावलं. "एनिड, आता काही दिवस थांबू या. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, घाबरल्या." एनिडनं टेबलाचं एक टोक धरलं. "धर गं तिकडून." टेबल दारातून निघेना, तर त्याचे पाय उलटेसुलटे करून आम्ही ते बाहेर काढलं आणि फरशीच्या पदपथावर, क्लबाकडे तोंड करून मांडलं. त्या गुरुवारी आम्ही सूर्य टेकडीआड जाईपर्यंत बाहेर बसलो. समोरच्या म्हाताऱ्या मिसेस लॉक्वुड, देवभीरू बाई, दारूचा थेंबही न घेण्याची शपथ घेतलेल्या, स्वतःची खुर्ची उचलून आल्या आणि चहाचा कप घेऊन आमच्यात बसल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग क्लबानं विल्फला धरलं. समितीपुढे बोलावलं. बायकोला आवर, नाहीतर सेक्रेटरीपद सोड. जाण्यापूर्वी तो एनिडला म्हणाला होता, "निदान पडदे तरी लाव गं. तेवढ्यावर मिटेल."

"विल्फ, तुला जे करायचं ते तू कर. पडदे लागणार नाहीत."

तो तसाच गेला. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात वाट पाहत होतो. एनिड एकच ताट तीनदा पुसत होती. विल्फ परत आला, टोपी खुंटीला लावली, खुर्चीत बसला.

"काय झालं?"

"काढलं मला."

एनिडचा चेहरा एकदम मऊ पडला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. "माझ्यासाठी भांडलास?"

"नाही." विल्फ खाली पाहत म्हणाला. "अर्नेस्ट तुझ्याबद्दल बरंच बोलला. मी गप्प बसलो. मग म्हणाला, तिची बिअर म्हणजे नुसतं गटाराचं पाणी. माझ्या तोंडून निघून गेलं, की मी ती रोज रात्रीच्या जेवणाबरोबर पितो आणि ती आपल्या क्लबातल्यापेक्षा चांगली आहे."

"रोज पितोस? तरीच! मला वाटलं बाटल्या झिरपतायत!"

"फक्त एक," विल्फ म्हणाला. "कधी दोन."

ती टेबलाला धरून हसली. हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. पुढच्या गुरुवारी विल्फला खुर्ची मिळाली. पहिल्याच घोटाला तो "छान आहे" म्हणाला आणि ओल्हानं त्याला बाहेर काढला.

वर्षं गेली. गिरणी बंद झाली, तिच्या इमारतीत घरं झाली. नवं शतक उजाडल्यावर एकदाचे क्लबाचे नियम बदलले, बायकाही सभासद होऊ लागल्या. अर्नेस्ट तोवर गेला होता. नवा अध्यक्ष, तरुण आणि अदबीचा, फुलं आणि सभासदाचं कार्ड घेऊन एनिडच्या दारात आला. "तुमचा मान पहिला, मिसेस क्राउदर."

एनिडनं फुलं घेतली. "कार्ड ने बाबा परत. मला यायचं होतं तेव्हा तुमचं दार बंद होतं. आता माझं इथे चांगलं चाललंय. तुला तहान लागली तर गुरुवारी ये."

विनीनं मात्र कार्ड घेतलं. एनिड तिच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. शेवटी विनीच आली आणि दारातून ओरडली, "मी सत्तरीची झाले, एनिड! मला बिंगो खेळायचाय आणि तो तुझ्याकडे नाही!" एनिडनं दार पुरतं उघडून तिला आत घेतलं.

विल्फ गेला. ओल्हा गेली. तोवर खोऱ्यात जुन्या गोदामांतून, गॅरेजांतून तरुण मंडळी छोट्या छोट्या भट्ट्या टाकून बिअर करायला लागली होती. ती आपल्या हलक्या बिअरच्या बाटल्या घेऊन गुरुवारी यायची आणि एनिडकडून बोलणी खाऊन जायची. तिला ते आवडायचं. मग दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. हात बराच सुधारला, बोलणं सुधारलं. चव गेली ती गेलीच. चहा, मटण, बिअर, सगळं तिला गंजलेल्या लोखंडासारखं लागतं. डॉक्टर म्हणाले, परत येईलच असं नाही.

तिची सून हेझल मनानं चांगली आहे. तिनं पातेलं परसातल्या खोपटात नेऊन ठेवलं. एनिडनं ते परत आणायला लावलं, माझ्याकडून.

"आई, आता कशाला हा उपद्व्याप?" हेझल म्हणाली. "तुम्हाला चव लागत नाही."

"मला लागत नाही म्हणून काय सातूची चव गेली?"

"पण तुम्हाला कळणार कसं, जमली का नाही ते?"

एनिडनं माझ्याकडे बोट केलं. "हिला जीभ आहे. हिला मी चाळीस वर्षं शिकवलंय."

आता ती खुर्चीत बसून सांगते आणि मी पातेल्याशी उभी राहते. माझे गुडघे कुरकुरतात. ती म्हणते, गुडघ्यांनी ढवळत नाहीत. काल आम्ही नवी खेप उघडली. तिनं आधी स्वतः घोट घेतला. दर वेळी घेतेच. तोंड वाकडं केलं, घोट गिळला, ग्लास खाली ठेवला नाही.

"लोखंड," ती म्हणाली. "आता तू सांग."

मी सांगायला लागले. तिनं मला मध्येच तोडलं आणि पुन्हा घोट घ्यायला लावला, कारण मी घाईघाईनं बोलत होते.