अल्काबाईनं विचारलं
इटियाडोह धरणाच्या कालव्यालगतच्या एका गावात अल्काबाई शिलाईकाम करते. शाळेतल्या निम्म्या पोरींचे ड्रेस तिच्याच मशीनवरचे.

तीन वर्षांपूर्वी बारावीतली आचल दारातूनच म्हणाली होती, "मावशी, माहा ड्रेस शिवू नका. राहू द्या."

अल्काबाई कापड बेतत होती. "बरं," म्हणाली. वाटलं, पोर जुन्यावरच भागवत असेल.

चौथ्या दिवशी आचलनं स्वतःचं आयुष्य संपवलं. कुणी म्हणालं मार्क, कुणी म्हणालं मोबाईल. खरं काय, तिच्या आईलाही कळलं नाही. अल्काबाईला एवढंच ठाऊक होतं, की पोर दारात उभी होती आणि आपण मान वर केली नाही. त्यानंतर कुणाचंही माप घेताना आचलचीच मापं बोटांत यायची. कैची चालवता चालवता "राहू द्या" ऐकू यायचं आणि ती दचकून दाराकडे बघायची. तिथं कुणी नसायचं.

यंदा जूनमध्ये दहावीतली चंदा माप द्यायला आली.

"दोन बोटं ढिला ठेवू का? पुढच्या वर्षीही होईल."

"पुढच्या वर्षाचं कायले?" चंदा हसली नाही.

अल्काबाईच्या हातातली टेप थांबली. तिनं चंदाला जवळ बसवलं. विचारायला जीभ वळेना. विचारल्यानं उलट पोरीच्या डोक्यात तेच आलं तर? पण न विचारता राहणं तिनं भोगलं होतं.

"चंदा, मरावं असं वाटून राहिलं का तुले?"

"रोजच," चंदा म्हणाली आणि रडायला लागली.

अल्काबाईनं उपदेश केला नाही. ऐकत राहिली.

"कोणाले सांगू नका, मावशी."

"हे नाही लपवणार मी. पण तुले एकटीले सोडत पण नाही."

अल्काबाईनं चंदासोबत घरी जाऊन सांगितलं, तेव्हा तिची आई रुख्मा आधी भडकली. "माह्या पोरीचं नाव कायले खराब करता?" मग तिनं पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला जवळ ओढून घेतलं. रात्रभर दोघी चंदाजवळ राहिल्या. सकाळच्या बसनं तिघी गोंदियाला मनाच्या डॉक्टरकडे गेल्या. औषध सुरू झालं, दर पंधरा दिवसांनी जाणं सुरू झालं.

दोन महिने चंदा अल्काबाईशी बोलली नाही. रस्त्यात दिसली की मान फिरवायची. अल्काबाईला ते चाललं. दिसत तर होती!

आचल मात्र बोटांतून गेलेली नाही. जाणारही नाही.

दिवाळीआधी एका दुपारी चंदा आली आणि मशीनशेजारी बसली.

"मावशी, आज मन लय खराब आहे."

"आईले सांगितलं?"

"हो. तिनंच पाठवलं."