संत्र्याच्या साली वाळवणारी आजी

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या इमारतींच्या गटांना देशांची नावं दिली आहेत. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. भाडं परवडलं म्हणून राहतो, पण इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला हा पत्ता शोभून दिसतो, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. तो उजाडायच्या आत दुसऱ्यांच्या गाडीत भागीदारीने बसून लांब हमरियाला कामावर जातो आणि अंधार पडल्यावर परततो. मधल्या वेळात, शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत, आमच्या हॉलमध्ये चिनी मुलं बसलेली असतात. त्यांच्या आईवडिलांची पलीकडच्या घाऊक बाजारात दुकानं आहेत. कुणाची नळांची, कुणाची फरशांची, कुणाची खेळण्यांची. मी त्यांच्या मुलांना इंग्रजी व्याकरण, शब्द आणि वाचन शिकवते.

मी दमले आहे, हे आधीच सांगून टाकते. लोकांना वाटतं, घरात बसून शिकवायचं, त्यात दमायचं काय? एसी चालू, चहा हाताशी. पण एकच उतारा वेगवेगळ्या मुलांकडून वर्षानुवर्षं ऐकून बघा. पेंग्विनबाप अंडं पायांवर घेऊन उभा असतो, त्याचा एक उतारा आहे. तो बाप माझ्या हॉलमध्ये इतक्या वेळा उभा राहिला आहे की आताशा मला त्याचेच पाय दुखल्यासारखे वाटतात.

या मुलांना बुद्धी कमी आहे असं मुळीच नाही. उलट बुद्धी जास्त, त्याचाच वैताग. उतारा दिला की दुसऱ्या दिवशी तोंडपाठ. हात मागे बांधून, ताठ उभं राहून, स्वल्पविरामाला थांबून घडाघडा म्हणून दाखवतात. आपण लहानपणी रामरक्षा म्हणायचो तशी. आणि विचारलं, "बरं, तुला काय वाटतं, तो बाप अंडं खाली का ठेवत नाही?" की चेहरा कोरा. "टीचर, आन्सर?" म्हणून पेन सरसावून माझ्याकडे बघतात. मला काय वाटतं ते मी सांगितलं की त्यांना तेच वाटायला लागतं. दिवसातून कितीदा तरी मनात येतं, पालथ्या घड्यावर पाणी. मग तांदूळ संपल्याचं आठवतं आणि विचार तिथेच थांबतो.

त्यातच ती मुलगी आली. बारा-तेरा वर्षांची, सडपातळ, केस कानापर्यंत कापलेले. तिची आई दिव्यांच्या दुकानात बसते, झुंबरांपासून पंचवीस रंगांच्या माळांपर्यंत सगळं विकते. मुलगी अगदी लहान असताना आईवडील तिला दक्षिण चीनमधल्या गावात आजीकडे ठेवून दुबईला आले होते. धाकटा भाऊ इथेच जन्मला, इथल्याच शाळेत गेला, आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांशी साहेबासारखं इंग्रजी बोलायचा. हिला वर्षभरापूर्वी आणलं. शाळेने वरच्या वर्गात घ्यायला नकार दिला, वय बघता खालच्या वर्गातही घेईनात. आई पहिल्याच दिवशी मला बाजारातल्या इंग्रजीत म्हणाली, "टीचर, धिस इयर स्कूल यस, स्टे. स्कूल नो, गो बॅक ग्रँडमदर." आणि वर "इन्शाल्ला" म्हणाली. इथे सगळेच म्हणतात.

मुलगी तेव्हा शेजारीच उभी होती. तिने आईच्या शर्टाचं टोक चिमटीत धरलं होतं. तेरा वर्षांची मुलगी, दोन वर्षांच्या पोरीसारखी. हिला इथे राहायचं आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिले काही महिने तिनेही पेंग्विन पाठ केला. दीपगृहाचा उतारा पाठ केला. 'अ' आणि 'द' कुठे लावायचं यावर आम्ही दोघींनी डोकं फोडून घेतलं. तिच्या भाषेत ती भानगड नाही, आपल्याही भाषेत नाही, त्यामुळे मी तिला रागावले तरी तो राग मनापासूनचा नसायचा. प्रवेशाच्या मुलाखतीत 'कुटुंबाविषयी बोल' असं विचारतात. तिने कुठल्याशा पुस्तकातलं कुटुंब पाठ करून आणलं. त्यात वडील डॉक्टर होते आणि एक कुत्राही होता. मी म्हटलं, "कुत्रा कुठाय तुमच्याकडे?" ती म्हणाली, "नो डॉग. बट गुड सेंटेन्स."

एका दुपारी मी संत्रं सोलून तिला फोडी दिल्या आणि साली कचऱ्यात टाकल्या. ती उठली, डब्यात हात घातला आणि त्या बाहेर काढल्या. नळाखाली धुतल्या, पुसल्या आणि बाल्कनीतल्या कपड्यांच्या स्टँडवर ओळीने मांडल्या. मी ओरडणारच होते, पण ती ज्या निगुतीने मांडत होती ते बघून मी गप्प बसले. मला एकदम आमच्या रत्नागिरीच्या अंगणात वाळत घातलेली आमसुलं दिसली. "काय गं हे?" मी विचारलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा पाठ न केलेलं बोलली.

आजी साली वाळवते. फळ सोलताना सालीच्या तीन पाकळ्या करायच्या, देठाशी जोडलेल्या ठेवायच्या. दोऱ्यात ओवायच्या. वाळल्या की डब्यात. जितकी जुनी साल तितकी चांगली. सूपमध्ये घालतात, खोकल्यावर देतात. हे एवढं सांगायला तिला कित्येक दुपारी लागल्या. मी एकही वाक्य लिहून दिलं नाही. ती हाताने दाखवायची, मी शब्द द्यायचे. दोरा, देठ, ओवणं, वाळणं, मुरणं. क्रियापदं चुकायची, काळ गडबडायचा, पण ते तिचं होतं. मला कितीतरी दिवसांनी शिकवताना बरं वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो मोजे काढता काढता म्हणाला, "अगं, एका पोरीच्या मागे किती वेळ घालवशील? बाकी बॅचचं काय? यल्ला, चल, जेवायला वाढ."

शेवटी तिने ते सगळं सलग बोलून दाखवलं. आई तिला न्यायला आली होती, तिने मोबाइलवर रेकॉर्ड केलं. "टीचर, व्हेरी गुड! आय सेंड!" म्हणाली. मला वाटलं, आजीला पाठवत असेल. किती छान, असंही वाटलं.

मुलाखती सुरू झाल्या. आमच्या बाजूच्या बहुतेक मुलांची शाळा एकच, कारण बस तिथलीच येते. इतर मुलं आठवड्याच्या सुरुवातीला जाऊन आली. हिच्या आईच्या दुकानाचा मालाचा कंटेनर यायचा होता म्हणून हिची पाळी सगळ्यांत शेवटी. आईने गळ घातली म्हणून मीही सोबत गेले. मुलगी आत गेली आणि आम्ही नीट टेकतो न टेकतो तोच बाहेर आली. चेहरा पांढराफटक. तिच्यामागून मुलाखत घेणारी बाई आली. दिल्लीकडची असावी, वयाने माझ्याएवढीच आणि माझ्याइतकीच दमलेली.

"आप ट्यूटर हैं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मॅडम, इस हफ्ते ये चौथी दादी है।"

मला काही कळेना. ती म्हणाली, "चौथी दादी, वही संतरे के छिलके, वही तीन पंखुड़ियाँ. बच्चों को रटा-रटाके भेजते हैं आप लोग. मैंने इसे बीच में ही रोक दिया।"

मी आईकडे वळले. बाजारातलं इंग्रजी इथे पुरेना, तेव्हा तिने मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप उघडलं आणि मी त्यात बोलत गेले. हळूहळू उलगडा झाला. तिने ते रेकॉर्डिंग पालकांच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिच्या लेखी ते बोलणं म्हणजे चांगला धडा होता, आणि चांगला धडा सगळ्यांनी पाठ करायचा असतो. बाकीच्या आयांनी आभार मानले आणि आपापल्या मुलांकडून तो घोटून घेतला. यात चोरी कुणाच्या मनातसुद्धा आली नाही. "ऑल फ्रेंड. ऑल चिल्ड्रन," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्यावर चिडावं असं मला वाटलं, पण चिडता येईना. आपल्याकडे आरती पाठ म्हणणाऱ्याला कुणी विचारतं का, की ही तुझी आहे का म्हणून? पण शाळेला हे कोण समजावणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

मी त्या बाईला म्हटलं, "मॅडम, वो दादी इसीकी है. बाकी तीनों ने इससे ली है. आप कुछ भी पूछिए।" तिने एकवार घड्याळाकडे आणि एकवार त्या पोरीकडे बघितलं. "ठीक है. आप दोनों भी आइए. पीछे बैठिए, बोलना नहीं है।"

आत एक टेबल, समोर मुलगी, मागच्या खुर्च्यांवर मी आणि तिची आई. बाईने इंग्रजीत सावकाश विचारलं, "ही आजी खरंच तुझी आहे?"

मुलीने बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, "हो. पण त्यांनी घेतली तर चालेल."

बाईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, ते तिने दाबलं. "मग मला असं काहीतरी सांग, जे त्या तिघांना माहीत नाही."

मी मनातल्या मनात तिला शब्द पुरवायला लागले. दोरा, देठ, ओवणं. तिला त्यांतला एकही लागला नाही. ती बोलायला लागली. तुटक इंग्रजी, सगळे काळ चुकलेले. मी ते इथे आपल्या भाषेत नीट करून लिहिते आहे.

"आजी दर वर्षी एक डबा वेगळा ठेवते. माझी आई परत येईल तेव्हासाठी. आई येत नाही. डबे वाढतात. आजी म्हणते, उशीर झाला तर चांगलंच, साल मुरते. मग मला इकडे पाठवलं. विमानतळावर पुष्कळ चिनी बायका उभ्या होत्या. मला आई फोनमध्ये माहीत होती. फोनमध्ये ती एवढीशी असते. कुठली बाई माझी आई, ते मला कळलं नाही. एका बाईने माझा हात धरला. मी तिच्यासोबत गेले. गाडीत मी विचार करत होते, ही नसेल तर?"

ती थांबली. बाईने लिहायचं थांबवलं होतं.

"आता मला माहीत आहे. आता मी डोळे मिटून वासावरून सांगू शकते. पण शाळा नाही म्हणाली तर मी परत जाणार. मग मी पुन्हा विसरणार."

माझ्या शेजारी तिची आई बसली होती. तिला यातलं काहीही कळत नव्हतं. लेक एवढं लांबलचक इंग्रजी बोलते आहे, अडखळते पण थांबत नाही, एवढंच तिला दिसत होतं. ती अभिमानाने मान डोलावत होती. मध्येच तिने मोबाइल उचलला, रेकॉर्ड करायला. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि तो मोबाइल तिच्या मांडीवर परत दाबून धरला. तिला वाटलं, शाळेत परवानगी नसेल. तिने जीभ चावली आणि माफी मागितल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मला रडू येत होतं आणि त्या आईचा हात सोडवत नव्हता.

मुलाखत घेणारी बाई उठून खिडकीपाशी गेली, पाणी प्यायली आणि परत आली. "सीट आहे," ती मुलीला म्हणाली. "इंग्रजीचा जादा तास घ्यावा लागेल." मग माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाली, "व्याकरण बहुत कच्चा है, मॅडम।" मी म्हटलं, "हो जाएगा।"

बाहेर आल्यावर आईला 'स्कूल यस' एवढं सांगितलं, तेवढं पुरलं. तिने लेकीचं डोकं दोन्ही हातांनी धरून हलवलं, खूप भराभर काहीतरी बोलली, हसली. आम्ही फाटकापाशी टॅक्सीची वाट बघत उभ्या राहिलो. ऊन मी म्हणत होतं. अचानक आईला आठवण झाली. "टीचर," ती म्हणाली, "शी से मदर. मेनी टाइम मदर. व्हॉट शी से?" आणि तिने ॲप उघडून मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. तिने फक्त आईच्या शर्टाचं टोक सोडून दिलं आणि दोन पावलं बाजूला जाऊन उभी राहिली.

एवढी वर्षं मी मुलांना सांगत आले, उताऱ्यात जे लिहिलंय तेच उत्तर द्यायचं, पदरचं घालायचं नाही. मी मोबाइलमध्ये सावकाश, स्पष्ट इंग्रजीत म्हटलं, "ती म्हणाली, मला आईजवळ राहायचं आहे."

मोबाइलने ते चिनीत सांगितलं. आईने ऐकलं. मग लेकीकडे न बघता बटण दाबलं आणि पुन्हा एकदा ऐकलं.