शनिवारी चालत जाता येईल असं घर

एजंटनं फोनवर सगळं विचारून घेतलं होतं. वन बीएचके की टू, पार्किंग कशाला पाहिजे, दार पूर्वेला हवं का. मी पटापट उत्तरं देत होते, तेवढ्यात पप्पांनी माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि एवढंच विचारलं, "देवळापासून चालत किती?"

"काका, देवळाचं टेन्शनच नाही. प्रत्येक सोसायटीत गणपती असतोय."

"तसं नाही हो. कॅम्पाकडं आमचं ज्यू लोकांचं देऊळ आहे. तिथनं."

मग तो म्हणाला, "मॅपवर टाकून बघतो."

मला तेव्हाच कळलं, आपलं घर शोधणं म्हणजे धमाल येणार आहे!

आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही बेने इस्राएल. म्हणजे मराठीत बोलणारे, मराठीत भांडणारे आणि मराठीतच रुसणारे ज्यू. भोरमध्ये आमचं एकच घर. पप्पा एसटी डेपोत मेकॅनिक होते आणि अख्ख्या डेपोला माहीत होतं, शनिवारी हा माणूस येत नाही. बदल्यात रविवारी येणार, दिवाळीला येणार, जत्रेच्या जादा गाड्या सोडायच्या असल्या तर रात्रपाळीला पण येणार. शनिवार तेवढा सोडून बोला. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल नाही, बटण नाही, गाडी नाही.

आता यातली गंमत बघा. ज्या माणसानं जन्मभर एसट्या दुरुस्त केल्या, तो शनिवारी एसटीत पाय ठेवत नाही. आणि शनिवार सकाळची मोठी प्रार्थना होते पुण्यात. भोरहून चालत कोण जाणार? आत्या पुण्यात होती तोवर पप्पा कधीमधी शुक्रवारीच तिच्याकडं मुक्कामाला जायचे. आत्या इस्राएलला गेली, मुक्काम संपला. तेव्हापासून शनिवारी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ते खिडकीपाशी एकटेच प्रार्थना म्हणतात. आमच्यात काही प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाहीत. तिथं आले की पप्पा थांबतात, पान उलटतात आणि पुढं जातात. लहानपणी मला वाटायचं, दम लागतो म्हणून थांबतात.

तर पप्पा रिटायर झाले आणि त्याच वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. रोज भोर ते पुणे, पुणे ते भोर. कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या उभ्या मी अख्खी वेबसिरीज बघून संपवली. शेवटी ठरलं, जागा बदलायची. मी तर त्या रात्री आनंदानं कॉटवर उड्या मारल्या. पप्पांनी एकच अट घातली. "मला शनिवारी देवळात जायचंय. गाडीनं नाही. चालत. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

आईला मात्र पुणंच नको होतं. तिच्या मनात शिवरे. शिवऱ्याला हायवेच्या कडेला नवीन बिल्डिंगी होताहेत, तिथनं मला ऑफिसही निम्म्या रस्त्यावर आणि तिला भोर अगदी जवळ. भोर म्हणजे मुख्यतः शेजारच्या काकू. काकूंचं माहेर वेल्ह्याकडचं, सासर भोरचं, आणि आमच्या दोन्ही घरांत भिंत एकच. त्या पण आल्या शिवरं बघायला. टेरेसवर उभं राहून त्यांनी चारी बाजूंची शेतं बघितली आणि जाहीर करून टाकलं.

"हितंच र्‍हावा. एसटीत बसली की म्या आलीच. पुन्यात गेलासा की फोनवर बोलायचं व्हय आपुन?"

आईचा चेहरा असा फुलला! मला वाटलं, झालं, गेलं पुणं. पप्पा खाली हायवेकडं बघत होते. म्हणाले, "जागा चांगली आहे. पण हितनं मी शनिवारी चालत निघालो तर देवळात पोचेपर्यंत पुढचा शनिवार यायचा."

काकू एवढ्या हसल्या की त्यांना टाकीला धरून उभं राहावं लागलं. आई मात्र हसली नाही. परत येताना एसटीत ती भोर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली.

मग सुरू झाले आमचे रविवार. देवळाला लागून असलेल्या जागा आमच्या बजेटबाहेर, म्हणून जरा लांबच्या बघायच्या. पप्पांचं म्हणणं, मोबाईलच्या मॅपवर विश्वास नाही, पायानं मोजायचं. म्हणून आम्ही आधी फ्लॅट बघायचो आणि मग तिथनं थेट देवळापर्यंत चालत जायचो. एजंट बिचारा पहिल्यांदा आमच्याबरोबर चालला, दुसऱ्यांदा बाईकवरनं मागं मागं आला, तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, तुम्ही पोचा, मी तिकडंच भेटतो."

कोंढव्याचा फ्लॅट मला जाम आवडला होता. पांढऱ्या टाइल्स, मोठी खिडकी, खाली मोमोजची गाडी! पण चालायला लागलो तर फूटपाथ मधेच गायब. कधी दुकानाची पायरी, कधी गटाराचं झाकण. चढ संपला की उतार, उतार संपला की सिग्नल. आईच्या चपलेचा अंगठा तुटला. ती रस्त्यातच उभी राहिली. "मी शिवऱ्याला जाते. तुम्ही बापलेक जा चालत जेरुसलेमला!"

बिबवेवाडीला फ्लॅट ठीक होता, पण पप्पांचे गुडघे निम्म्या वाटेतच बोलायला लागले. डेपोत गाडीखालच्या खड्ड्यात उतरून चढून त्यांची वाट लागलीये. पप्पा बसस्टॉपच्या बाकावर बसले आणि बूट काढून नुसते बघत राहिले बुटांकडं. मी चहा आणून दिला. त्या रविवारी मी पहिल्यांदा घाबरले. माझं पुणं जाईल म्हणून नाही. हे खिडकीपाशीच राहतील म्हणून.

आणि मग फातिमानगर! काय सांगू! बिल्डिंग जुनी पण स्वच्छ, सातवा मजला आणि बाल्कनी अशी की खाली नुसती झाडांची डोकी दिसतात. मी मनात तिथं बीनबॅग ठेवूनसुद्धा टाकली. आणि चालायला निघालो तर पुढं सगळा कॅन्टोन्मेंटचा रस्ता, सपाट, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, रुंद फूटपाथ. पप्पा आमच्या पुढं. मग अजून पुढं. मला हाका माराव्या लागल्या. पाऊण तासात देवळाच्या फाटकापाशी! पप्पांनी फाटकाला हात लावला आणि मागं वळून म्हणाले, "बसलो पण नाही मधे कुठं." असं सांगितलं जसं काही शाळेत पहिला नंबर आला.

आई म्हणाली, "घ्या मग." दोनच शब्द. पण पप्पांनी तिथल्या तिथं एजंटला हो म्हणून टाकलं.

आमच्यात मनासारखं झालं की मलिदा करतात. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे आमच्या प्रेषिताचं, नाव घेऊन प्रार्थना म्हणायची. शनिवारी चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला आणि आईनं परात मांडली. काकू, त्यांचे मिस्टर, समोरच्या दोघीतिघी, सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेले. पप्पांनी प्रार्थना म्हटली, प्रसाद वाटला, आणि मी लगेच मोबाईल काढला. कारण मी फ्लॅटचा व्हिडिओ केला होता. साधासुधा नाही, खालच्या गेटपासून, मागं म्युझिक टाकून!

"दाखव की गं, लई कौतुक चाललंय तुझं," काकू म्हणाल्या.

व्हिडिओ सुरू झाला. गेट. पार्किंग. मग लिफ्ट. मग माझं बोट, अगदी क्लोजअपमध्ये, सातचं बटण दाबताना. नेलपेंट पण मस्त दिसत होतं. बटणाभोवती लाल गोल पेटला.

काकूंनी प्रसादाचा घास तोंडात टाकता टाकता विचारलं, "आता ग बया, ह्ये शनवारी कोन दाबनार?"

सगळे काकूंकडं बघायला लागले.

"न्हाई, तुमी तर बटनाला हात लावत न्हाई ना त्या दिवशी. मोरीतला बल्ब शुक्रवारपासनं जळतो, त्यो म्या बघते की रातच्याला."

मी पप्पांकडं बघितलं. पप्पा आईकडं. आई परातीकडं. सगळा रस्ता आम्ही पायानं मोजला होता. एकेक सिग्नल, एकेक चढ. पण जन्म बैठ्या घरात गेलेला. दाराबाहेर पाऊल टाकलं की रस्ताच लागतो, मधे सात मजले पण असतात हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! मी तर रोज ऑफिसात लिफ्टनं जाते. शनिवारी सुट्टी, म्हणून तिथंही कधी प्रश्न आला नाही.

आई हसायला लागली. मग काकू. मग सगळेच, इतके की समोरच्यांचा पोरगा काय झालं बघायला आला. पप्पा पण हसले, पण त्यांचं हसणं लवकर संपलं. हळूच म्हणाले, "उतरीन मी. जिन्यानं उतरीन. चढायचं कसं?"

व्हिडिओ चालूच होता. बाल्कनी आली, झाडं आली, म्युझिक वाजत होतं. मी बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, इकडं शब्बाथला लिफ्ट आपोआप चालते, प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत जाते, बटण दाबायचंच नाही. मी उड्या मारत एजंटला सांगितलं.

"मॅडम," तो म्हणाला, "आत्ता एका मजल्यावर जास्त वेळ थांबली तर लोक ग्रुपवर मेसेज टाकतात. प्रत्येक मजल्यावर थांबवली तर तुम्हाला मी आणलं म्हणून मला पुणं सोडावं लागेल. तुमच्या भोरला बघा एखादी खोली माझ्यासाठी."

"मग खाली काही नाही का? त्याच भागात?"

"ग्राउंडला आहे त्याच सोसायटीत. पण तुम्हाला नाही आवडणार. कोणालाच नाही आवडत. समोर पार्किंग, बाजूला पाण्याची मोटार, दिवसभर लोकांची ये-जा."

बघायला गेलो. खरं सांगते, मला रडू आलं. कुठं ती झाडांची डोकी आणि कुठं हे! खिडकी उघडली की स्कूटरचं हँडल. बीनबॅग ठेवायची म्हटली तर मोटारीच्या घरघरीला टेकून बसायचं. पप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते आणि म्हणत होते, "तुला नको असेल तर राहू दे. अजून शोधू." मला माहीत होतं, अजून शोधलं तरी बाकीचं सगळं चालायला लांबच आहे. मी तोंड घट्ट मिटून स्वयंपाकघर बघायचं नाटक करत होते.

तिथं आई ओट्यापाशी उभी होती. खिडकीबाहेर पार्किंगच्या कट्ट्यावर तीन बायका मेथी निवडत बसल्या होत्या. त्यातली एक सरळ वाकून आत बघत म्हणाली, "घेताय का हो हा? घ्या बाई कोणीतरी. बंद घराकडं बघून बघून कंटाळा आला."

"पाणी कितीला येतं?" आईनं विचारलं.

झालं. पाण्यावरनं भाजीवाला, भाजीवाल्यावरनं गिरणी, गिरणीवरनं कोणाची सून कशी. पप्पा आणि मी दारात उभे. बऱ्याच वेळानं आई वळली आणि म्हणाली, "काय बघताय? वर असते तर ह्या मला दिसल्या असत्या का?"

मी पप्पांना म्हटलं, "घेऊ." आणि बाल्कनीला मनातल्या मनात टाटा केला. टाटा मोठा होता, खोटं कशाला बोलू.

शिफ्टिंगला काकू टेम्पोत पुढं बसून आल्या. पप्पांनी दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा ठोकली. मेझुझा म्हणजे आत प्रार्थना लिहून ठेवलेली छोटी नळी, प्रत्येक ज्यू घराच्या दाराला असते. कट्ट्यावरच्या बायकांनी विचारलं, आईनं सांगितलं, मग एकीनं आपणहून तिला हात लावून नमस्कार केला.

आणि काल शनिवार होता!

काल सकाळी आम्ही तिघं निघालो. दार ओढून घेतलं की थेट रस्ता. पप्पा इस्त्रीच्या शर्टात, आई नव्या चपलांत, मी झोपेत. पाच मिनिटांत झोप उडाली, कारण पप्पा फूटपाथवरनं असे चालले होते की मॉर्निंग वॉकवाले बाजूला होत होते. देवळात आम्ही दोघी बायकांच्या बाजूला बसलो. पुरुषांच्या बाजूला माणसं येत होती, कोणी रिक्षानं, कोणी कारनं. मी मोजलं नाही, पण दहाच्या वर होती नक्की. प्रार्थना सुरू झाली आणि ती ओळ आली, जिथं पप्पा थांबतात. सगळ्यांचा आवाज एकदम उठला आणि त्यात पप्पांचा मला वेगळा ऐकू आला, थोडा पुढं पळणारा, थोडा बेसूर. आईनं माझा हात एवढा जोरात दाबला की बांगडी रुतली.

नंतर अंगणात एका आजोबांनी पप्पांना गाठलं. नवीन दिसताय, म्हणाले. कुठून आलात?

पप्पांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता भोर, डेपो, सगळं सांगणार.

"हितनंच," पप्पा म्हणाले. "चालत आलो."